लहानू डाग द्यायला शिकतो

टेंभुर्डी गावात लहानू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? बायको कौसा "तोंड सांभाळून बोला" म्हणाली, की हा दोन्ही हातांनी हनुवटी धरून बोलायचा.

त्याच गावात चिंधू मास्तर होते. शाळेतून निवृत्त झाले आणि घरच्या घरी रेडिओ बनवायच्या नादाला लागले. त्यांनी बनवलेला काडेपेटीएवढा रेडिओ लहानूने पाहिला आणि त्याला राहवेना.

"मास्तर, मलाही शिकवा."

मास्तरांनी सर्किटची पट्टी पुढ्यात ठेवली. तिच्यावर चिकटवायचे भाग खसखशीच्या दाण्याएवढे. लहानूने नीट बघायला नाक खाली नेलं आणि श्वास सोडला. भाग उडाले. मास्तर रांगत रांगत खाटेखाली गेले.

"अरे, इतकी बारीक वस्तू चिमट्याने धरायची. एकेक करून. आणि श्वास रोखून!"

"कळलं," लहानू म्हणाला.

घरी कौसाने साबुदाण्याची खिचडी वाढली. लहानूने खिशातून चिमटा काढला. एकेक साबुदाणा, श्वास रोखून. गडी निळा पडला आणि पाटावरून कलंडला. कौसाने पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे श्वास सुरू झाला.

"अहो, खाताना श्वास कसला रोखता? गरम लागलं तर फुंकर मारावी माणसानं!"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सोल्डरगनने कथील वितळवलं आणि एका भागाला डाग दिला. लहानूने ओळखलं, हे गरम आहे. त्याने गाल फुगवून फुंकर मारली. कथलाचा थेंब उडाला तो थेट मास्तरांच्या धोतरात. मास्तर अंगणभर नाचले.

"गाढवा! गरम वस्तूला फुंकायचं नाही, शिवायचं नाही. गप्प बसून बघायचं. आपोआप गार होते!"

"कळलं."

घरी कौसा चुलीवर दूध ठेवून पाण्याला गेली. दूध वर आलं. उतू गेलं. करपलं. लहानू गप्प बसून बघत होता. कौसा आली तेव्हा पातेल्याच्या बुडाला काळी खरवड घट्ट चिकटली होती.

"आता हे चिकटलेलं कसं काढू मी? जा, विचारून या कुणाला तरी!"

लहानू मास्तरांकडे गेला. "मास्तर, चिकटलेलं कसं काढायचं?"

एवढा शहाणा प्रश्न ऐकून मास्तरांना भरून आलं. "हे बघ, चिकटलेला भाग ओढायचा नाही. आधी त्याच्या पायांना राळ लावायची. मग दोन्ही पाय एकदम तापवायचे. एकच तापवलास तर दुसरा सोडत नाही. सुटला की चिमट्याने उचलायचा. लगेच त्याच जागी नवा बसवायचा आणि गार होईपर्यंत दाबून धरायचा."

"कळलं."

लहानू परतला तर ओसरीवर पाहुणे. त्याच्या बहिणीला, शेवंताला, बघायला रंगनाथराव आपल्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा माणिक. त्याला शेवंता पसंत, शेवंताला तो पसंत. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. रंगनाथराव आरामखुर्चीत पाय लांब करून आपल्या मूळव्याधीची हकिकत सांगत होते, आणि ती अजून तरुणपणातच होती.

कौसाने लहानूला आत ओढलं. "म्हातारा अगदी चिकटून बसलाय! रात्रीच्या जेवणाला घरात काही नाही. काढा त्यांना कसंही करून. पण जमलेलं लग्न मोडू देऊ नका हं!"

"कळलं."

घरात राळ नव्हती. लहानूने तूप घेतलं आणि रंगनाथरावांच्या दोन्ही तळव्यांना चोळलं. रंगनाथरावांनी सुखाने डोळे मिटले. "माणिक, बघ. सोयरे असावेत तर असे!"

मग लहानूने चुलीत तापवलेली दोन उलथणी आणली आणि दोन्ही तळव्यांना लावली. एकदम. त्यात चूक नको.

रंगनाथराव सुटले. चिमट्याची गरजच पडली नाही. ते ओसरीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून थेट ओढ्यात गेले.

शेवंताने हंबरडा फोडला. माणिक बापामागे धावायला उठला. लहानूने त्याला खांद्यांना धरून त्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्याच्या मांडीवर गच्च दाबून बसला.

"अहो, सोडा मला! माझे बाबा!"

"हलू नका पाव्हणं, अजून गरम आहात," लहानू मायेने म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "शेवंते, रडतेस कशाला? म्हातारा निघाला, मुलगा पक्का बसवलाय!"