तीस एकांची भिंत

एका राज्यात, जिथे मांत्रिकांपेक्षा दरबाऱ्यांनीच प्रजेला जास्त छळले, वीरध्वज नावाचा राजा होता. घोरंभट मांत्रिकाने त्याला शाप दिला आणि त्याची संख्या करून टाकली. राजा नाहीसा झाला, किल्ल्याच्या काळ्या भिंतीवर ओळीने १ १ १ असे तीस एक उमटले. घोरंभट म्हणाला, "हाच तुमचा राजा. याचे अवयव शोधा, तो परत येईल. वर्ष भरेल त्या दिवशी सूर्य मावळताच एकतिसावा एक उभा राहील. मग हा जन्मभर भिंतीतच."

दरबाराने काय करावे? अवयव म्हटल्याबरोबर शिकारी कुत्री घेऊन रान पालथे घातले. कुणी हाड आणले, कुणी दात. एका दीडशहाण्याने तर माकडाचा हात आणला आणि वर बक्षीस मागितले. प्रधान रोज भिंतीला हळदकुंकू वाही आणि सांगे, "एकापुढे एक आहे, अखंड आहे. हात लावाल तर राजा भंगेल."

राजाची धाकटी बहीण हेमकला वर्षभर त्या हाडांपुढे रडली. शेवटच्या दिवशी दुपारी खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"राजकन्ये, ज्या संख्येने पूर्ण भाग जातो, ती संख्येचा अवयव. पाटीवर गिरवले होतेस ना?"

हेमकलेच्या अंगाची लाही लाही झाली. दरबाऱ्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. ती तशीच उठली आणि तरातरा भिंतीकडे निघाली. वाटेत प्रधान आडवा आला.

"ताईसाहेब, राजा भंगेल."

"बाजूला व्हा, प्रधानजी. वर्षभर माझा दादा तुम्ही कुत्र्यांना हुंगायला लावलात, तेवढे पुरे."

भिंतीपाशी घोरंभट रिकाम्या हातांनी बसला होता, सूर्य मावळायची वाट बघत. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. खडू घेतला आणि दोन-दोन एकांना कुंपण घातले. एकापुढे एक, अकरा. सगळ्या जोड्या जुळल्या, एकटा कुणी उरला नाही. अकराने भाग गेला. भिंतीतून दोन हात बाहेर आले. डाव्या मनगटावर लहानपणी ती चावली होती तो वण होता. तो बघून तिचा राग आणखीच भडकला.

मग तिने तीन-तीन एक बांधले. एकशे अकराने भाग गेला. दोन पाय बाहेर आले.

मग पाच-पाच. अकरा हजार एकशे अकरा, पुन्हा तेच, पुन्हा तेच. पण शेवटच्या कुंपणात चारच एक निघाले. सूर्य डोंगराला टेकला होता.

"भाग जात नाही," घोरंभट म्हणाला. "बिनडोक्याचा भाऊ घरी ने."

हेमकला वळली. मघाशी रिकाम्या असलेल्या त्याच्या हातात आता काठी होती. वर वेटोळे, खाली तिरकी शेपूट.

"चोरा," ती म्हणाली, "हा माझ्या दादाचा एक आहे." तिने काठी हिसकावली आणि भिंतीवर रिकाम्या जागी दाबून बसवली. सहावा गट भरला. भिंत दुभंगली आणि वीरध्वज अख्खाच्या अख्खा बाहेर आला.

तेवढ्यात सूर्य मावळला. एकतिसावा एक उभा राहणार, असा घोरंभटाचाच शब्द होता, आणि दिलेला शब्द त्याला मागे घेता येईना. तो जागच्या जागी वेटोळे होऊन एक झाला.

"हेमे, इतका उशीर?" राजाने विचारले.

"दादा, हे सगळे तुझे हातपाय रानात शोधत होते."

राजा आधी हसला. मग त्याने दरबाऱ्यांकडे पाहिले आणि त्याचे हसू मावळले. दुसऱ्या दिवशी प्रधानासह सारा दरबार पाट्या घेऊन पोरांच्या रांगेत बसला. समोर साळुंकी बसली होती, आणि चुकले की ती टोच मारी.

घोरंभट भिंतीपाशी तसाच उभा आहे. त्या तिसांबरोबर त्याला दोनांत बसवा, तिनांत बसवा, पाचांत बसवा; दरवेळी बाकी तोच उरतो. आपल्या कहाणीला मात्र पूर्ण भाग गेला.