बंद पडणारी गाडी आणि लिंबू सरबत

“पण मग नेमकं बिघडलंय काय, आर्याजी?”

उत्पलाने तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं होतं. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. रस्त्यावर दुसरी गाडी नाही.

वृद्ध भिक्खुणी आर्या संघशीला मागच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर पांढऱ्या सुताचं रीळ.

“मला काय विचारतेस? मला सायकलसुद्धा येत नाही.”

उत्पला एम.एस्सी. झालेली. गाडी जुनी, छोटी, तिच्या बाबांची. तिच्या इंजिनाबद्दल मोबाईलवर मिळेल ते सगळं तिने वाचलं होतं. विहारात येणाऱ्यांना ती ते न विचारता समजावूनही सांगायची.

आज नागपूरच्या दवाखान्यात तिच्या आईचं ऑपरेशन होतं. आईचा एकच हट्ट... आर्याजींच्या तोंडून परित्राण पाठ, ती रक्षणाची सूत्रं, ऐकून मनगटावर सूत बांधून घेतल्याशिवाय आत जाणार नाही.

आणि चांगली चाललेली गाडी मध्येच धाप लागल्यासारखी करायची, दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची.

“पहिल्यांदा काय केलं होतंस?” आर्याजींनी विचारलं.

“बॅटरीची वायर घट्ट केली.”

“चालू झाली?”

“झाली.”

“म्हणजे वायरीचंच दुखणं.”

“नाही ना. पुढे जाऊन परत बंद पडली. मग मी प्लग काढून पुसले.”

“चालू झाली?”

“झाली... पण आता परत बंद.”

“मोठी गुणी गाडी आहे. जे करशील ते लागू पडतं.”

उत्पलाला हसावं की रडावं कळेना.

फोन वाजला. ती इतकी दचकली की हातातला पाना खाली पडला.

“निघालीस का गं?” आईचा आवाज. “नर्स येऊन गेली. म्हणे, डॉक्टर थांबणार नाहीत. मी म्हटलं, मग डॉक्टरांनाच झोपवा टेबलावर.”

“येतोय आई. जवळच आहोत.”

जवळ नव्हते.

तिने पाना उचलला. “आता फ्यूज बघते.”

“काही बघू नकोस.”

“म्हणजे?”

“या खेपेला हात लावू नकोस. ये, बस.”

“आर्याजी, आई तिकडे...”

“म्हणूनच म्हणते.”

बॉनेट लावून ती स्टिअरिंगशी येऊन बसली. सागाचं एक पान बॉनेटवर पडलं, तेवढ्यानेही ती सरळ झाली.

बराच वेळ गेला...

“आता किल्ली फिरव.”

गाडी चालू झाली.

उत्पला बघतच राहिली. “मी तर काहीच केलं नाही.”

“हो.”

“मग मघाशी वायर... प्लग...”

आर्याजींनी पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

गाडी चालली. ओढा ओलांडला, चढ चढली. चढ संपता संपता तीच धाप, तेच दोन आचके... आणि शांतता.

उत्पलाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. “थांबलं की चालते. चाललं की थांबते. हे काय आहे, आर्याजी? मला काहीच कळत नाहीये.”

“तहान लागली आहे.”

“गाडीला?”

“मला.”

लिंबू सरबताची प्लास्टिकची बाटली सकाळपासून सीटवर त्यांच्या शेजारीच पडून होती. उत्पलाला एकदम आठवलं, हातात दिल्याशिवाय भिक्खुणी काही घेत नाहीत. आणि तिने दिलीच नव्हती. शरमून ती मागे वळली, बाटली उघडली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

आर्याजींनी बाटली तोंडाला घट्ट लावली आणि ओढू लागल्या. दोन घोट गेले. मग बाटलीच्या कडा आत आत जाऊ लागल्या. सरबत येईना.

त्यांनी ओठ बाजूला केले.

टक्क.

बाटली फुगून जागेवर आली. उत्पला दचकली. “काय झालं?”

“काही नाही. वारा गेला आत.”

त्यांनी पुन्हा बाटली लावली. पुन्हा कडा आत गेल्या. पुन्हा ओठ दूर... टक्क.

या वेळी उत्पला दचकली नाही. ती बाटलीकडे बघत होती.

मग ती दार उघडून उतरली, मागे गेली.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण तिनेच काल बंद केलं होतं. आर्याजींना वासाचा त्रास नको. शिवाय पेट्रोल सांडलं तर, ठिणगी पडली तर... म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दुहेरी घालून, दोन्ही हातांनी आवळून.

तिने झाकण फिरवलं.

सुस्स्स... टाकीने लांब श्वास आत ओढला.

उत्पला पिशवी हातात घेऊन उभी राहिली. झाकणातलं हवेचं बारीक भोक तिनेच बुजवलं होतं; गाडी थांबली की हवा जेमतेम झिरपत होती. मग नुसतं झाकण लावून परत येऊन बसली. गाडी चालू केली. जंगल संपलं, गावं लागली. धाप नाही, आचका नाही. गाडीत पेट्रोलचा हलका वास मात्र आला.

बऱ्याच वेळाने तिने आरशात पाहिलं. “तुम्हाला आधीच कळलं होतं ना, आर्याजी?”

“काय?”

“झाकणाचं.”

“कुठल्या झाकणाचं?”

आर्याजींचा चेहरा अगदी कोरा होता. उत्पला पुन्हा गोंधळली.

दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा आई स्ट्रेचरवर होती. ऑपरेशनच्या खोलीचं दार अर्धं उघडं. नर्स म्हणाली, “थोडक्यात आटपा, ताई. आणि दोरा सलाईनच्या हातावर नको, दुसऱ्या हातावर बांधा.”

आर्याजींनी रिळाचं टोक आईच्या हाती दिलं, पुढचं सूत उत्पलाच्या हाती दिलं, आणि पाठ सुरू केला. आईने डोळे मिटले.

पाठ संपला. आर्याजींनी सूत तोडून उत्पलाला दिलं.

“बांध.”

उत्पला आईच्या मनगटावर दोरा बांधू लागली. एक गाठ. तिच्यावर आणखी एक. सुटला तर? आत कुणी काढला तर?... तिने दोन्ही टोकं ओढली, आणखी ओढली. आईच्या मनगटावर लाल रेघ उमटली.

आर्याजींनी उत्पलाच्या हातावर हात ठेवला.

“सैल बांध, पोरी.”