धुतलेले पाय

"मग देव मला एक तरी खरा मित्र का देत नाही, फादर?"

फादर ल्यूक चॅपेलमागच्या नळाखाली पितळी परात घासत बसले होते. पवित्र गुरुवारची दुपार. संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चॅपेलमधल्या उपासनेत, त्या परातीचं काम होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"अख्खं वसतिगृह तुझ्यामागे फिरतं, ऑगस्टीन."

"ते मित्र नाहीत. गर्दी आहे ती."

परातीवर चिंच फिरत राहिली.

ऑगस्टीन पाटोळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. युवा मंडळाचा प्रमुख. रोज संध्याकाळी रोजरीची प्रार्थना तोच सांगायचा. कोणाचं प्रेम मोडलं, कोणाचा पेपर बुडाला, कोणाच्या घरी भांडण झालं, की पोरं त्याच्या खोलीचं दार वाजवत. तो ऐकून घ्यायचा, बायबल उघडून एक वचन वाचायचा, डोक्यावर हात ठेवायचा. मुलं हलकी होऊन परत जात. तो मात्र होता तिथंच असायचा.

"सगळे येतात, आपलं ओझं माझ्या दारात टाकतात आणि जातात," तो म्हणाला. "मला कोणी विचारतं का, बाबा रे, तू कसा आहेस?"

"कोणीच नाही?"

"रूबेन विचारतो." रूबेन म्हणजे त्याच्याच खोलीत राहणारा, वसईकडचा. "रोजच विचारतो."

"मग तू काय सांगतोस?"

"देवाची कृपा आहे, म्हणतो."

"आहे का?"

ऑगस्टीननं चॅपेलच्या दाराकडं पाहिलं.

चॅपेलमध्ये कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. तो आवाज थांबला. मग ऑगस्टीन एका दमात बोलून मोकळा झाला.

"आई इथंच आहे, फादर. दवाखान्यात. परवा शनिवारी ऑपरेशन. ओ निगेटिव्ह रक्त लागणार आहे आणि रक्तपेढीत ते शिल्लक नाही. डॉक्टर म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत माणसं आणा, नाहीतर ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल. आणि पुढं ढकलण्यासारखी तिची तब्येत नाही. माझं रक्त जुळत नाही. बाबांचंही नाही."

फादरांचे हात थांबले.

"कोणाला विचारलंस?"

"देवाला."

"चांगलं केलंस. आणखी?"

"आणखी कोणाला कशाला?" ऑगस्टीनचा आवाज चढला. "विश्वास म्हणजे विश्वास, फादर. एक हात देवाच्या हातात आणि दुसरा माणसांपुढं पसरायचा, हा कसला विश्वास? माझी नऊ दिवसांची नोव्हेना चालू आहे. मी सगळं त्याच्यावर सोडलंय."

"सगळं?"

"सगळं."

फादरांनी परात विसळली, उन्हाला तिरकी धरून पाहिली.

"तिमोथी गावी गेला," ते म्हणाले. "संध्याकाळी बारा जण पाहिजेत. त्याच्या खुर्चीवर तू बस."

ऑगस्टीनला वाटलं, म्हाताऱ्यानं काही ऐकलंच नाही. आपण आईच्या जिवाचं बोलतोय आणि याला खुर्चीची काळजी. शेवटच्या भोजनाच्या संध्याकाळी येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून दर वर्षी या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, हे खरं. पण त्या बारांत तो कधी बसला नव्हता.

"मी तांब्या धरतो, फादर. दर वर्षी मीच धरतो."

"आज रूबेन धरेल."

"पण..."

"बस म्हटलं ना."

वाद घालायची ती वेळ नव्हती. ऑगस्टीननं खाली पाहिलं. दवाखान्यापासून तो चालत आला होता, आणि रस्ता मैलभर खणून ठेवला होता. पाय घोट्यापर्यंत मातीनं भरले होते. टाचेच्या भेगांत काळं बसलं होतं. तो नळाकडं वळला.

"सरका जरा. पाय धुऊन घेतो."

"कशाला? संध्याकाळी मी धुणारच आहे."

"म्हणून तर." त्याही स्थितीत त्याला हसू आलं. "सगळेच धुऊन बसतात, फादर. नखं कापतात, साबण लावतात. गेल्या वर्षी नोएलनं तर अत्तर लावलं होतं."

"ठाऊक आहे. मला शिंक आली होती."

दोघंही थोडं हसले. मग फादर हसायचे थांबले.

"इतकी वर्षं पाय धुतोय मी, ऑगस्टीन. सगळे धुतलेले."

त्यांनी नळ बंद केला.

"त्या कट्ट्यावर बस."

"आत्ता?"

"आत्ता." आणि चॅपेलकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "रूबेन, तांब्या घेऊन ये रे."

नळाला धरून ते खाली वाकले. गुडघे कडकड वाजले. एक गुडघा फरशीवर टेकला, मग दुसरा. झग्याची कड ओल्या शेवाळात गेली.

ऑगस्टीननं पाय मागं ओढले.

"फादर, नको. अहो, घाण आहेत."

"दिसतंय मला."

त्यांनी उजव्या पायाची टाच तळहातात घेतली आणि पाय परातीत ठेवला.

रूबेन तांब्या घेऊन आला आणि दारातच थबकला.

"काय फादर, तालीम का? याचे पाय एका तांब्यात नाही उरकायचे."

"ओत."

पाणी पडलं. नुकतीच लखलखीत झालेली परात बघता बघता गढूळ झाली. रूबेन वाकून बघू लागला.

"ऑग्या, लायब्ररीत गेला होतास ना तू? लायब्ररीत शेती करतात काय रे? कसा आहेस तू, ठीक आहेस ना?"

ऑगस्टीनच्या जिभेवर रोजचं उत्तर तयार होतं. देवाची कृपा आहे. तोंड उघडलंही. फादर भेगेतली माती अंगठ्यानं काढत होते, हळूहळू, मान खाली घालून.



"आई दवाखान्यात आहे," तो म्हणाला.

पाण्याची धार तुटली.

"कधीपासून?"

"राखेच्या बुधवारनंतर."

"म्हणजे सगळा उपवासकाळ. चाळीस दिवस." रूबेननं तांब्या छातीशी धरला. "आणि मला रोज सांगायचास, लायब्ररी."

"हो."

"माझा बाप पिऊन गटारात पडला, ते मी तुला सांगितलं. तुला एकट्याला. रडलो मी तुझ्यापुढं."

"माहीत आहे."

"मग मी कोण होतो रे तुझा? पेशंट?"

 ऑगस्टीननं शिष्टपणानं लपवलं असतं तर ते निदान सांगता आलं असतं. पण त्यानं ते भक्तिभावानं लपवलं होतं. आता रूबेन निघून जाईल, त्याला वाटलं. गेला तर बरोबरच होईल.

"काय लागतंय?" रूबेननं विचारलं.

"रक्त. ओ निगेटिव्ह. उद्यापर्यंत."

"कुठला दवाखाना?"

त्यानं सांगितलं. वॉर्डही सांगितला. "रूबेन, अरे प्रार्थना..."

"ती करतोच आहे. तू जरा गप्प बस."

तांब्या कट्ट्यावर आदळला. चपला फटफटत वसतिगृहाकडं गेल्या. मग खालच्या मजल्यावर दारं वाजायला लागली, एकामागून एक.

"ए, रक्तगट काय तुझा?"

"झोपलोय मी."

"झोपेत पण रक्तगट असतो. बोल."

"बी पॉझिटिव्ह. का?"

"ऑग्याची आई ॲडमिट आहे. ओ निगेटिव्ह कोण आहे आपल्यात? नसेल तर आपापल्या वर्गात फोन लावा. कोणीही चालेल, चर्चचाच पाहिजे असं नाही."

"ऑग्याची आई? तो तर काही बोललाच नाही."

"नाही बोलला. नंतर मारू त्याला. आधी फोन लाव."

ऑगस्टीनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते लपवायला त्याच्या हातात काही नव्हतं, बायबलसुद्धा नाही. कोणीतरी जिन्यावरून धावत उतरलं. कोणीतरी स्कूटरची किल्ली मागत होतं. सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि त्यातलं निम्मं चुकीचं बोलत होते. वॉर्डाचं नाव चुकीचं, ऑपरेशनचा वार चुकीचा.

तो अर्धवट उठला.

"मला जाऊ द्या, फादर. त्यांना काही माहीत नाही. डॉक्टर कोण, चिठ्ठी कुणाकडं, काहीच नाही. मी नसलो तर नुसता गोंधळ होईल. मी सांभाळतो."

फादर ल्यूकांनी टाच सोडली नाही. झग्याच्या बाहीनं त्यांनी तो पाय पुसला, परातीबाहेर कोरड्या फरशीवर ठेवला आणि हात पुढं केला.

"बसून राहा. अजून एक पाय राहिलाय."