तान्हाईची हाक

वाकघोळ गावात एकच घड्याळ होतं आणि ते कोंबड्याच्या गळ्यात होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात तान्हाई नावाची बाई राहत होती.

बाजारातून नवी कोंबडी आणली की लोक आधी तान्हाईला बोलवायचे. पाय बांधून, उलटी टांगून आणलेली कोंबडी तशीच अंगणात सोडली, तर एक तर रानात पळते, नाहीतर घरच्या जुन्या कोंबड्या तिला टोचून अर्धमेली करतात. तान्हाई यायची, दोरी सोडायची, पायावरचे वळ चोळायची. मग कोंबडीला डालग्याखाली झाकून वर आपलं जुनं लुगडं पांघरायची. आत अंधारात बसून कोंबडी त्या घरचे आवाज ऐकायची, जात्याचे, भांड्यांचे, माणसांचे. ते ओळखीचे झाले की एका तिन्हीसांजेला तान्हाई जुन्या-नव्या सगळ्यांना चुलीतली राख चोळायची आणि एकाच खुराड्यात बसवायची. सकाळी सगळ्या एका वासाच्या. नवी कोण, जुनी कोण, ते कोंबड्यांनाही कळायचं नाही.

आणि तिची हाक! "तीऽ ती ती ती" तर सगळ्याच बाया म्हणतात. पण तान्हाईनं म्हटलं की झाडावरची कोंबडी खाली यायची. एकदा घारीनं उचललेलं पिल्लू त्या हाकेनं पायातून सुटून परत आलं होतं, असं म्हणतात.

तान्हाईला मूलबाळ नव्हतं. गावानं बोलवावं आणि आपण लुगडं काखेत मारून निघावं, एवढंच तिचं सुख.

मग शेजारच्या धुरपाच्या घरी सून आली, सगुणा. घाटाखालची पोर. तिच्या माहेरून टोपलीभर कोंबड्या आल्या. तान्हाईनं कुंपणातून पाहिलं आणि लुगडं घडी करून तयार ठेवलं. बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. सगुणा आपली अंगणात कण्या पाखडत बसलेली, ओव्या म्हणत, आणि कोंबड्या तिच्या पदराशी अशा फिरत होत्या, जणू तिथेच अंड्यातून निघाल्या. ना डालगं, ना राख.

तान्हाईच्या घशाखाली भाकरी उतरेना.

हळूहळू बाया नव्या कोंबड्या घेऊन सगुणाकडे जाऊ लागल्या. धुरपा एकदा कुंपणाशी थांबून म्हणाली, "बरं झालं गं तान्हाई. तुझं वय झालं. आता कशाला तुला त्रास?"

तो शब्द तान्हाईला काट्यासारखा रुतला. ती दिवसभर कुंपणाशी उभी राहायची. सगुणाची कोंबडी अंडं घालून ओरडली की तिला वाटायचं, मलाच हसतेय. शेवटी एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. परसदारी जाऊन, सगुणाच्या खुराड्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, "तीऽ ती ती ती."

तिला फक्त सगुणाच्या कोंबड्या हव्या होत्या. पण त्या हाकेत इतका जळफळाट होता, की ती गावभर गेली. वरच्या वाडीपासून ओढ्यापर्यंतच्या झाडून साऱ्या कोंबड्या तान्हाईच्या दारात आल्या, असं म्हणतात. छपरावर कोंबड्या, उतरंडीवर कोंबड्या, उखळात कोंबडा. लोकांनी आपापल्या बगलेत मारून नेल्या. दिवस कलला की पुन्हा तान्हाईकडे. सगळे कोंबडे तिच्याच घरात आरवायचे, आणि वरची वाडी उन्हं डोक्यावर येईस्तोवर झोपून राहायची. बाळंतिणींना अंडं मिळेना. उबवायला बसलेल्या खुडूक कोंबड्या अंडी सोडून आल्या होत्या, ती गार पडू लागली.

आणि गाव काय म्हणालं? "तान्हाई, काय माया लावलीस गं जनावरांना!" बाया हात जोडायच्या. तान्हाई मान खाली घालून ऐकायची. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक.

सगुणाही आली. तिनं पदराचा ओचा पोटाशी धरला होता. "काकी, माझ्या कोंबड्यांना तुम्हीच आवडता. राहू द्या त्यांना. फक्त खुडूक तेवढी द्याल का? तिची अंडी मी अशीच पोटाशी धरून बसलेय. आतून पिल्लांचा टोचा लागलाय."

तान्हाईनं त्या ओच्यावर हात ठेवला. आत बारीकशी टकटक चालू होती.

"पोरी, त्या आपणहून नाही आल्या. मी बोलावल्या. तुझा हेवा वाटला म्हणून बोलावल्या."

सगुणानं ओचा सावरला. मग म्हणाली, "मग तुम्हीच पोचवा, काकी."

खुडूक कोंबडी त्याच पावली सगुणाच्या कडेवर गेली आणि अंड्यांवरून हलली नाही. बाकीच्यांसाठी तान्हाई रोज तिन्हीसांजेला एकेका घरी निघायची, त्या घरच्या कोंबड्या मागे चालायच्या. अंगणात ती मूठभर दाणे टाकायची आणि त्यांना सांगायची, "हे तुमचं घर. ही तुमची बाई." कोंबड्या डोळे मिटेपर्यंत खुराड्याशी बसून राहायची. तिथल्या कोंबड्या मग परत आल्या नाहीत. असं करत करत सारं गाव झालं आणि सगुणाचं घर तेवढं उरलं.

तिथे तिनं दाणे टाकले. "हे तुमचं घर," ती म्हणाली. पुढचा शब्द घशात अडकला. कोंबड्या उंबऱ्यात थांबल्या, ना आत ना बाहेर. तान्हाईनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. सगुणा आपली कोपऱ्यात उभी. घाई कर म्हणाली नाही.

अंधारून आलं तेव्हा तान्हाई हळूच म्हणाली, "ही तुमची बाई. माझ्यापेक्षा बरी आहे."

कोंबड्या आत गेल्या.

त्या दिवसापासून तान्हाईच्या हाकेला एकही कोंबडी आली नाही, असं म्हणतात. आणि तिचा हेवा पुरता गेला, असं मात्र कुणी म्हणत नाही. सगुणाच्या कोंबडीनं दोन बलकांचं अंडं घातलं की म्हातारी दोन दिवस बोलायची नाही. पण तिसऱ्या दिवशी कुंपणाशी यायची, आणि शेवटच्या आजारात तिच्या तोंडात पाणी घातलं ते सगुणानंच.

वाकघोळात आजही नवी कोंबडी आणली की पहिली मूठ घरची बाई टाकत नाही. जिच्याशी आपलं पटत नाही, त्या जावेला नाहीतर शेजारणीला बोलावतात. तिनं दाणे टाकायचे आणि म्हणायचं, "हे तुझं घर. ही तुझी बाई." त्याला तान्हाईची मूठ म्हणतात. कधी कधी शब्द घशात अडकतो आणि कोंबडी उंबऱ्यात उभी राहते. तेव्हा कुणी हसत नाही, कुणी घाई करत नाही. तान्हाईलाही वेळ लागला होता.