झोपाळ्याच्या खालची बाजू

माझ्या मृणूला चालता येऊ दे, मठातल्या झोपाळ्याला मी स्वतःच्या हाताने रंग देईन, असा नवस मी बोलले होते. मृणू चालली. चैत्रात मी झोपाळा लालभडक करून टाकला. पावसाळा सरला आणि त्या रंगाचे पापुद्रे सुटले.

“मग आता काय घेऊन आलीस गो?” आक्कांनी विचारलं.

आक्का म्हणजे आमच्या खाडीकाठच्या मठातल्या वृद्ध साध्वी. पायरीवर बसून वाल सोलत होत्या.

“रंगाचा नवा डबा. अजून एक हात मारते.”

“आणखी काय आणलंस?”

मी डबा खाली ठेवला.

मग सांगून टाकलं. “काल मृणू अंगणात पडली. शेजारच्या कुंदावहिनी म्हणाल्या, देवाने तुझा रंग अंगावरून झटकला, आता पाय परत मागेल.”

“कुंदाच्या जिभेला हाड नाही. पोर पडली, मग?”

“मग उठली.”

“कुणी उठवली?”

“आपली आपणच.”

“हं,” म्हणून त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

झोपाळा मठाच्या आवारात, उघड्यावर. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्याला साखळ्या. खाडीचा खारा वारा बारा महिने त्याच्या अंगावर. मी डबा उघडला, ब्रश बुडवला.

“थांब.”

आणि आक्का झोपाळ्याखाली चक्क जमिनीवर आडव्या झाल्या.

“अहो आक्का! या वयात... कुणी बघितलं तर?”

“बघू दे. बायो, आधी खाली पड. मग वर बघ.”

पदर सावरत मी त्यांच्या शेजारी पडले.

“मूल झोके घेताना मान मागे टाकतं ना, तेव्हा त्याला हे दिसतं.”

वरच्या आडव्या नळीची खालची बाजू. साखळ्यांच्या कड्यांपाशी गंजाचे फोडच्या फोड. तिथे चैत्रात माझा ब्रश पोचलाच नव्हता. मघाशी समोरून बघताना मला यातलं काही दिसलं नव्हतं.

“तुझ्या लालाखाली हिरवा दिसतोय. तो कुणाचा?”

“गुरवकाकूंचा. मुलाला नोकरी लागली तेव्हाचा.”

“त्याच्याखाली पिवळा?”

“आधीच्या कुणाचा तरी असेल.”

“आणि त्याच्याखाली?”

“गंज.”

“तो कुणाचा गो?”



आक्का हात टेकत उठल्या, आतून तारेचा ब्रश आणून त्यांनी माझ्या हातात ठेवला. “घास.”

“लोकांचे नवस आहेत हे, आक्का. खरवडले तर पाप लागेल.”

“सगळे असंच घाबरले, म्हणून एकावर एक चढवत गेले. त्यांचे नवस कधीच फिटले. उरलाय तो नुसता रंग.”

देवाचं नाव घेतलं, स्टुलावर चढले आणि घासायला लागले. लाल, हिरवा, पिवळा, सगळे कपचे खाली अंथरलेल्या गोणपाटावर पडत राहिले. दंड भरून आले. दुपारी कुठे लोखंड दिसलं. करडं, उघडंवाघडं. तापातून उठलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा, तसा आक्कांनी त्याला हात लावला.

मग विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायला लावलं, मीठ निघावं म्हणून. कोरडं पुसलं, उन्हात खडखडीत वाळू दिलं. मी लाल डब्याकडे वळले, तर त्यांनी दुसराच डबा पुढे केला. प्रायमरचा. विटकरी, निस्तेज.

“आजच हे अस्तर चढव. उघडं लोखंड या वाऱ्यात रात्रभर ठेवायचं नाही.”

“पण हा रंग तर झाकून जाणार! कुणाला दिसणार?”

“मृणूच्या पायांना वर्षभर तेल चोळलंस. ते आज कुणाला दिसतं?”

मी लाल डब्याचं झाकण परत लावलं.

मग मी पुन्हा जमिनीवर पडले, खालची बाजू नीट बघून घेतली आणि स्टुलावर चढून तिथूनच सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी लाल रंग. मी ब्रश भरभरून घ्यायला लागले, तर आक्का ओरडल्या, “पातळ! श्रीखंड नाही वाढायचंय. हा हात सुकू दे, मग दुसरा.”

“आज शुक्रवार आहे आक्का, चांगला वार. आजच पुरा झाला असता.”

“देव शनिवारी पण असतो.”

रंग पक्का वाळल्यावर मृणूला घेऊन गेले. ती झोक्यावर बसली, मान मागे टाकली आणि खिदळली, “आई, इथे खालून पण लाल!”

माझे डोळे भरून आले. “आता टिकेल ना, आक्का?”

“पुष्कळ टिकेल. कायमचा नाही.”

त्यांनी खाडीकडे बोट दाखवलं.

“वारा काही आपलं काम सोडणार नाही. कुठेतरी एखादा फोड येईल. दिसला की यायचं. तेवढीच जागा घासायची, धुवायची, अस्तर द्यायचं, रंग द्यायचा.”

“म्हणजे माझा नवस कधी फिटायचाच नाही?”

आक्कांनी मृणूला झोका दिला. “ही कधी चालायची थांबणार आहे का?”

परवा कुंदावहिनी आमच्या दारात आल्या. नातू झाला म्हणून झोपाळ्याला रंग द्यायचा होता. हातात नवाकोरा डबा. मी त्यांना हसून मठात घेऊन गेले. तुम्हीही कधी असा डबा घेऊन निघालात, तर एवढं ऐका माझं. झाकण उघडण्याआधी, आक्का त्या दिवशी कुंदावहिनींना म्हणाल्या तसं करा:

“बायो, आधी खाली पड. मग वर बघ.”