उरलेल्याचा खेळ

बाळांनो, ऐका. आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. फार फार वर्षांपूर्वी एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. एकदा भर दुपारी, माणसं शेतात असताना, डोंगराची दरड सुटली आणि गावावर आली. माणसं वाचली. घरं मात्र गेली, आणि गोठ्यांत बांधलेली जनावरंही गेली.

त्या गावात गोदी नावाची एक मुलगी होती. तिच्या शेळीला पांढऱ्या कानांचं करडू होतं. ते नाचणीच्या रोपांत शिरून धुडगूस घालायचं, म्हणून त्या सकाळी गोदीने त्याला खुंट्याला बांधलं आणि शेळीला चरायला घेऊन गेली. परत आली तेव्हा गोठा नव्हता, खुंटा नव्हता आणि करडूही नव्हतं.

तेव्हापासून गोदीने कशाला हात लावायचं सोडलं. आई म्हणाली, "घागर धर गं," तर ती मागे सरायची. "माझ्या हातून नको," एवढंच म्हणायची.

गावकऱ्यांनी माळावर झोपड्या उभारल्या. मोठी माणसं दिवसभर माती उपसत, आणि मुलं सगुणामावशीजवळ राहत. सगुणामावशी गावची सुईण. गावातली निम्मी मुलं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती. पण आता ती मुलं ना धड रडत होती, ना हसत होती. वाऱ्याने छपराचं गवत हललं तरी एकमेकांना बिलगायची आणि म्हणायची, "हेही पडणार."

मावशीच्या जिवाला आणखी एक घोर होता. दरडीच्या थोडंच आधी गावात एक बाळ जन्मलं होतं. त्याची आई तापाने फणफणली होती आणि तिचं दूध आटलं होतं. मावशी बाळाला पेजेचं पाणी पाजत होती, पण त्याचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. साऱ्या गावात दुभतं जनावर उरलं होतं एकच, गोदीची शेळी. तिची कास तटतटली होती, पण ती कुणाला जवळ येऊ देईना. गोदीच्या आईने हात लावताच तिने लाथ झाडली. तिला फक्त गोदीचा हात ठाऊक होता, आणि गोदी तर तिच्याकडे बघतही नव्हती.

मावशीने गोदीला विचारलं, "बाळासाठी थोडं दूध काढशील का गं?"

गोदी म्हणाली, "मावशी, तिचं करडू माझ्यामुळे मेलं. आता बाळालाही काही झालं तर?" आणि ती पळून गेली. मावशीने तिच्यामागे हाका मारल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावशीने पडक्या भिंतींतले चपटे दगड गोळा केले, त्यांची चळत रचली आणि चिंध्यांचा चेंडू वळला. मुलांना म्हणाली, "चला, लगोरी खेळू. पण आपल्या खेळात एक नियम जास्तीचा. पडलेला दगड परत ठेवताना आपलं काय उरलंय ते मोठ्याने सांगायचं. सांगितलं नाही तर दगड ठेवायचा नाही."

"आमचं काहीच उरलं नाही," एक मुलगा म्हणाला.

"मग तू नुसता पळ," मावशी शांतपणे म्हणाली.

खेळ सुरू झाला. आधी कुणाला काही सुचेना. मग एकीने दगड ठेवला आणि म्हणाली, "आमची आजी." दुसरा म्हणाला, "विहीर." नुसता पळणारा मुलगा जरा थांबला. "माझा दात पडला होता, पण तिथं नवा येतोय. चालेल?" सगळी हसली. दरडीनंतर त्या माळावर पहिल्यांदाच हसू ऐकू आलं.

गोदी लांब बसली होती. चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. "टाक गं, गोदे," मुलं ओरडली. तिने नकळत चेंडू फेकला. तो नेमका चळतीवर बसला आणि सगळे दगड विखुरले. गोदीने तोंड झाकून घेतलं.

पण कुणीच रागावलं नाही. उलट मुलं आनंदाने धावली. मावशी तिच्याजवळ आली. "अगं, चळत पडली म्हणून तर खेळ सुरू झाला. ये, एक दगड तूही ठेव."

गोदीने एक दगड उचलला. मुलं थांबली. अखेर ती हळूच म्हणाली, "माझी शेळी उरलीय." आणि तिला रडू कोसळलं. "पण करडू गेलं, मावशी."

मावशीने तिला पोटाशी धरलं. "गेलं, बाळा. त्यासाठी रड तू. पण दरड काही तू आणली नाहीस. गेलेलं आपणहून मनात येऊन बसतं. उरलेल्याला मात्र हाक मारावी लागते."

गोदीने दगड ठेवला आणि ती भांडं घेऊन शेळीकडे गेली. शेळीने लाथ झाडली नाही. गोदी कासेशी बसली. पहिली धार मातीत पडली. तिने भांडं सरकवलं, आणि पुढची धार बरोबर भांड्यात वाजली.

मावशीने दुधात पाणी घालून ते उकळलं, निववलं आणि कापसाच्या बोळ्याने बाळाला पाजलं. बाळ चोखता चोखता झोपी गेलं. गोदी रोज दूध काढू लागली. बाळाच्या आईचा तापही उतरला. काही दिवसांनी बाळ भुकेने असं खणखणीत रडलं, की लांब माती उपसणाऱ्या माणसांनी हातातली कुदळ थांबवली आणि ती समाधानाने एकमेकांकडे बघून हसली.

गोदीला पुढेही कधीकधी करडाची आठवण येई आणि ती रडे. मग डोळे पुसून कामाला लागे. तिचे हात आता कशालाही भीत नव्हते.

तात्पर्य: गेलेल्याचं दुःख आपोआप होतं, उरलेलं पाहायला मात्र मनाला शिकवावं लागतं, आणि मुलांचं मन ते खेळता खेळताच शिकतं.