कोयरी नदी वळली त्याची गोष्ट

एकदा काय झालं, दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात तुळसा नावाची एक बाई राहायची. खोऱ्यातून कोयरी नदी वाहायची आणि नदीकाठीच तुळसाचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस उकळायची तिची काहील केवढी, तर आत चार माणसं मांडी घालून बसतील एवढी!

त्या दिवशी तुळसानं काहील नदीवर आणून लख्ख घासली. तिची लेक मैना त्यात जाऊन बसली. बसली ती झोपलीच. झोपू दे, म्हणत तुळसा धुणं वाळत घालायला वर गेली.

इथं ऊन होतं बरं का, पण नदी जिथून निघते तिथं धो धो पाऊस झाला होता. मग पाणी चढलं. काहील अलगद उचलली गेली आणि गरगरत निघाली. तुळसा वळून बघते तर काय, लेक चालली!

मग तुळसा काठाकाठानं धावत सुटली. पुढं नदी डोंगराच्या घळीत शिरली. तिथं पाऊल ठेवायलाही जागा नव्हती.

"डोंगरबाबा, मला वाट दे रे!" तुळसा रडत म्हणाली.

डोंगर म्हणाला, "नदी मला सबंध वळसा घालून पलीकडं निघते. तू आपली सरळ खिंडीतून जा."

मग ती खिंड चढली, पलीकडं उतरली. तेवढ्यात काहीलही घळीतून बाहेर आली. पण आडवा आला एक ओढा.

"ओढेदादा, सरक ना जरा!"

ओढा म्हणाला, "सरकू कुठं? मला नदीला मिळायचंय. पण माझ्या डोंगरावर आज पाऊस नाही. संगम सोडून थोडी वर जा, तिथं गोटे उघडे आहेत."

मग ती गोट्यांवरून पार झाली. आता डोंगर मागं राहिले. मोकळं रान लागलं. नदी अशी पसरली की काहील मधोमध दिवलीएवढी दिसायला लागली. आणि पुढून आवाज यायला लागला धबधब्याचा!

तुळसा गुडघाभर पाण्यात शिरून ओरडली, "कोयरीबाई, थांब गं! माझं एकुलतं एक लेकरू आहे!"

नदी म्हणाली, "थांबता नाही येत गं मला. मागचं पाणी ढकलतंय. पण वळता येतं. तू बाजूला हो."

आणि नदी वळली, बरं का! मऊ मातीत खांदा घालून तिनं समोरचा काठ पोखरला आणि मोठ्ठं वळण घेतलं. वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंद झालं, वाळू साचली आणि काहील त्या वाळूवर खर्रकन येऊन टेकली.

तुळसानं लेकीला उचलून छातीशी धरलं. मैना डोळे चोळत म्हणाली, "आई, तू एवढी धापा का टाकतेस?"

तुळसाला हसावं की रडावं कळेना. ती तशीच वाळूत बसून राहिली.

मग जवळच्या वस्तीतल्या माणसांनी मायलेकींना दूधभाकरी दिली आणि बैलगाडीनं घरी पोचवलं. नदीनं टाकलेल्या गाळावर पुढं छान रान पिकलं. तिथं एक गाव वसलं. सगळी सुखानं राहू लागली. पूर तर कधीच ओसरला होता आणि नदीही आपल्या नव्या काठात गुपचूप पडून राहिली.

तुम्हीही पडा आता. ए, पांघरूण ओढू नका एकमेकांचं. मिटा डोळे.